पूर्णवेळ सेवा की नोकरीतच सेवा?

नोकरी सोडून पाळक (चर्चचा धर्मगुरू) व्हावं की आहे तिथेच राहावं, या पेचात असलेल्यांनी 'पवित्र काम' आणि 'जगाचं काम' ही विभागणी आधी बाजूला ठेवावी. बायबलमधलं योहान 1:14 सांगतं, शब्द, म्हणजे देवाचा पुत्र येशू, देही झाला. मार्क 6:3 मध्ये त्याच येशूला सुतार म्हटलंय. इ.स. 451 च्या खाल्सेदोन इथल्या चर्चच्या धर्माध्यक्षांच्या परिषदेनं ठरवलं, की ख्रिस्ताचे दैवी आणि मानवी स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत आणि वेगळेही करता येत नाहीत. म्हणजे रंधा मारणारे ते हात देवाच्या पुत्राचेच होते.

तयारी: पाळकपणासाठी सहसा काही वर्षांचं ईश्वरविज्ञानाचं शिक्षण आणि दीक्षा. नोकरीत वेगळी पदवी नको.

पैसा: पाळकाचं घर बहुतेक वेळा मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) दानावर चालतं. प्रेषित पौल मात्र करिंथ शहरात तंबू करून पोट भरत होता (प्रेषितांची कृत्ये 18:3).

बिघडतं कुठे? पाळक मंडळीत बुडतो, घर मागे पडतं. नोकरदाराचा विश्वास रविवारपुरता उरतो, किंवा तो कामाच्या वेळेत धर्मप्रचाराची पत्रकं वाटतो. ती सेवा नव्हे, कामचुकारपणाच. चोख हिशेब आणि हाताखालच्यांना वेळेवर मजुरी ही खरी सेवा.

शिकवण्याचं देवदत्त कौशल्य असेल आणि मंडळीनंही ते ओळखलं असेल, तर पाळकपण घ्या. नुसता कामाचा कंटाळा आला असेल, तर नोकरीतच राहा.