लाल रेघ आणि एक टिंब: मराठी तपासनीस आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, मी भाषेचा माणूस नाही. माझं काम पत्रांचं: कोटेशन, करारनाम्याचे मसुदे, थकबाकीची स्मरणपत्रं, तक्रारींना उत्तरं. दिवसाला दहा-पंधरा कागद माझ्या हातून बाहेर पडतात, त्यातले निम्म्याहून जास्त मराठीत. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत माझी तपासणी म्हणजे पाठवण्याआधी वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवायची, एवढीच. मग एक पत्र गेलं.

एका ग्राहकाने खराब माल बदलून मागितला होता. घाईत मी जुन्या थकबाकीच्या पत्रावरून मजकूर उचलला आणि त्याला कळवलं, 'आपल्या अर्जाच्या अनुषंगाने आपल्यावर पुढील कारवाई सुरू केली आहे.' लिहायचं होतं 'अर्जावर पुढील कार्यवाही'. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "साहेब, माल तुमचा खराब आणि कारवाई माझ्यावर?" मी हसून वेळ मारून नेली, पण तो हसत नव्हता. त्याच आठवड्यात मी लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे ज्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मी पत्रं लिहितो त्यात, मराठी शुद्धलेखन तपासनीस बसवून घेतला.

बसवल्यावर पहिलं काम म्हणून तेच पत्र त्यात उघडलं. एकही लाल रेघ नाही! 'कारवाई' हा शब्द बरोबरच आहे, 'आपल्यावर'ही बरोबर. चूक फक्त वाक्यात होती. आठ महिने वापरून तपासनिसाबद्दल माझं जे मत झालंय, त्याची सुरुवात त्या कोऱ्या पानापासून झाली. पाचपैकी साडेतीन देईन. दीड का कापला, ते पुढे येईलच.

बसवताना फजिती झाली ती माझ्याच अज्ञानामुळे. मराठीची निवड तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' नावाच्या खान्यात करावी लागते आणि माझ्याकडे त्या खान्यात हिंदी होती. त्यामुळे पहिल्या दिवशी अख्खं पान लालेलाल. मला वाटलं, आपलं मराठी इतकं वाईट? भाषा बदलली आणि पानावर सात-आठ रेघा उरल्या. कुणी बसवणार असेल तर आधी तो खाना बघा.

यामागे हन्स्पेल नावाचं इंजिन आहे. ते मुळात हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी तयार केलं. हंगेरियनमध्येही शब्दाला प्रत्ययांची शेपटी लागत जाते, त्यामुळे इंजिन दोन गोष्टींवर चालतं: मूळ शब्दांची यादी, आणि कुठल्या शब्दाला कुठला प्रत्यय कसा लागतो याच्या नियमांची दुसरी फाइल. मराठीला हे सोयीचंच. 'पुरवठादार' एकदा यादीत असला की 'पुरवठादाराने', 'पुरवठादारांकडून' हे त्यातून निघतात. पण एकावर एक तीन-चार शेपट्या लागल्या की त्याचा दम संपतो. 'पुरवठादारांकडूनसुद्धा' लिहिलं की लाल. सुरुवातीला मी असे शब्द बदलत बसायचो. आता राइट क्लिक करून शब्दकोशात टाकतो आणि पुढे जातो. मात्र टाकताना दोनदा वाचून टाका. मी 'स्विकृती' असाच घाईत टाकला आणि मग दोन महिने तो चुकीचा शब्द खालमानेने पास होत राहिला. 'स्वीकृती' म्हणजे माझ्या कामातला रोजचा शब्द, बरं का.

फायदा कुठे झाला, तर ऱ्हस्व-दीर्घात. मी वर्षानुवर्षं 'मंजूरी' लिहीत होतो, 'वसूली' लिहीत होतो. रेघ येत राहिली म्हणून एके दिवशी वैतागून नियम शोधला. शुद्धलेखनाचे हल्लीचे नियम १८. मराठी साहित्य महामंडळाने केलेले, त्यातले १४ शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी ४ आले. मला हवा होता तो एवढाच: शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, आणि शेवटी दुसरा स्वर आला की तो साधारणपणे ऱ्हस्व होतो. म्हणून मंजूर पण मंजुरी, वसूल पण वसुली, कबूल पण कबुली. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद. शाळेत हे कानावरून गेलं असणारच, पण 'वसुली' हा शब्द दिवसातून सहा वेळा लिहायची वेळ शाळेत आली नव्हती. तिसऱ्या महिन्यानंतर या रेघा जवळजवळ थांबल्या, कारण हातच सुधारला. दुसरा असाच गुंता 'समिती' आणि 'समितिसदस्य'चा. एकटा शब्द दीर्घ, समासात पुढे आला की ऱ्हस्व. इथे मात्र तपासनीस बिचारा गोंधळतो, कारण जोडशब्द त्याच्या यादीत सापडतीलच असं नाही.

याने धंद्यात फरक पडतो का, हा प्रश्न मला ऑफिसात विचारला जातो. खरं सांगायचं तर 'मंजूरी' लिहिल्यामुळे आमचा एकही व्यवहार मोडला नाही. पण एका जुन्या ग्राहकाने एकदा कोटेशन परत करताना पेन्सिलीने चार शब्दांना गोल केले होते आणि तोंडी एवढंच म्हणाला, "आकडे पण एकदा बघून घ्या." चुका शब्दांत होत्या आणि संशय आकड्यांवर गेला. आकडे बरोबर होते, तरी मला ते पुन्हा सगळे मोजून द्यावे लागले. उलट दिशेने मात्र मी हा हिशेब लावत नाही. कुणी मला 'आनि', 'पानी' लिहून ऑर्डर पाठवली तर ती ऑर्डरच. बोलीला चूक म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्याची सही आणि शिक्का कागदावर आहे, त्याने आपला कागद तपासावा.

आता कापलेल्या दीड गुणांकडे येतो.

मराठीत एका टिंबाने माणसं वाढतात. आमच्या एका करारात मी लिहिलं होतं, 'देयक विभागप्रमुखाच्या सहीने अदा करण्यात येईल.' ठरलं होतं की दोन विभागप्रमुख सही करतील. टिंब राहिलं. पुरवठादाराने एकाची सही घेतली आणि देयक पाठवलं. हिशेब विभागातल्या ताईंनी ते अडवलं, कारण त्यांच्याकडच्या टिपणात दोन सह्या होत्या. नऊ दिवस कागद इकडून तिकडे. दोघेही आपापल्या जागी बरोबर. तपासनिसाला 'विभागप्रमुखाच्या' चालतं आणि 'विभागप्रमुखांच्या'ही चालतं, तो काय करणार?

गंमत पुढे आहे. मी टिंब देऊन पत्र दुरुस्त केलं तेव्हा ताई म्हणाल्या, "यानेही भागत नाही. 'विभागप्रमुखांच्या' म्हणजे दोघांच्या, की एकाच साहेबांच्या, मान देऊन?" बरोबरच होतं. आदरार्थी बहुवचनामुळे टिंब असूनही अर्थ दुभंगतो. शेवटी 'दोन्ही विभागप्रमुखांच्या' असं लिहिलं आणि विषय मिटला. तेव्हापासून करारात जिथे माणसं येतात तिथे मी संख्या लिहितोच. वाक्य थोडं बोजड होतं, होऊ दे.

यादीचंही असंच. 'जुन्या ग्राहकांना व वितरकांना सवलत लागू राहील.' जुने ग्राहक आणि सगळे वितरक, की वितरकही जुनेच? अमेरिकेत मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांचा खटला अशाच एका यादीवरून उभा राहिला होता. ओव्हरटाइमच्या कायद्यात कामांची यादी होती आणि शेवटच्या 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे माल पोहोचवणं हे वेगळं काम, की पोहोचवण्यासाठी पॅकिंग करणं एवढंच काम, हे ठरेना. २०१७ मध्ये अपील कोर्टाने ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. माझ्या सवलतीच्या पत्रावर कुणी कोर्टात जाणार नाही, पण मी ते वाक्य तोडून दोन केलं: वितरकांचं वेगळं, ग्राहकांचं वेगळं.

नावांच्या बाबतीत तर तपासनीस बंदच करून ठेवावा असं वाटतं. आडनावं, कंपन्यांची नावं सगळी लाल दिसतात, मग लालची सवय होते आणि खरी चूकही त्या लालीत लपते. ब्रिटनमध्ये २००९ साली कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या कंपनीज हाउसने 'टेलर अँड सन' ही कंपनी अवसायनात गेल्याची, म्हणजे गाशा गुंडाळायला निघाल्याची नोंद 'टेलर अँड सन्स'च्या नावावर केली. एका 'एस'चा फरक. ही दुसरी कंपनी कार्डिफची, १२४ वर्षं जुनी, अडीचशेच्या आसपास कामगार, आणि चांगली चालू होती. पुरवठादार आणि सावकार मागे सरले आणि ती बुडाली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने नोंदणी कार्यालयाला जबाबदार धरलं. हे वाचल्यापासून नाव, रक्कम आणि तारीख या तीन गोष्टी मी स्क्रीनवर तपासतच नाही. मूळ कागद शेजारी ठेवतो आणि बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवतो.

इंग्रजी पत्रांतही तोच प्रकार. 'नाउ' आणि 'नॉट' यांत तिथे एका अक्षराचा फरक. 'रक्कम आता देय आहे' आणि 'रक्कम देय नाही' ही दोन्ही वाक्यं तपासनिसाच्या लेखी निर्दोष.

एक तक्रार अशी, जी करायची कुणाकडे कळत नाही. 'कर्मचाऱ्यांना' हा शब्द संगणकावर दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरलेलं असतं, दुसऱ्यात साध्या 'र'ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं असतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण जुन्या करारांत शोध घेतला की अर्धे सापडतात, अर्धे नाहीत. 'ॲ'चंही तेच: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्र चढवायचे, अजूनही कित्येक कीबोर्ड तसंच करतात. एकदा मी छातीठोकपणे सांगितलं होतं की करारात 'ॲडव्हान्स'चा उल्लेखच नाही. तीन ठिकाणी होता. आता दोन्ही प्रकारे शोधतो.

मग खरा उपयोग कशाचा झाला? कानाचा. चौथ्या महिन्यापासून मी पत्र पाठवण्याआधी फोनला वाचायला लावतो. आवाज यंत्राचा, हेल विचित्र, पण तो मनाचं काही घालत नाही. आपण स्वतः वाचतो तेव्हा मेंदू गाळलेला शब्द भरून घेतो. एका स्मरणपत्रात मी लिहिलं होतं, 'मुदतीत रक्कम भरल्यास विलंब आकार लागू होईल.' तीनदा वाचलं, तपासनिसानेही पास केलं. फोनने वाचलं आणि मी खुर्चीत सरळ झालो. 'न' गेला होता. वेळेवर पैसे भरणाऱ्यालाच दंड! ते पत्र चाळीस जणांना जाणार होतं.

आणखी एकदा 'आम्ही आपल्या उत्तराची उपेक्षा करीत आहोत' हे ऐकून शेजारच्या टेबलावरचे सगळे हसले. 'अपेक्षा'चं 'उपेक्षा' फोनच्या कीबोर्डने सुचवलं होतं, की माझं बोट घसरलं, देव जाणे. तपासनिसाला अर्थात दोन्ही शब्द माहीत.

वेळेचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात एका पत्रामागे दहा-बारा मिनिटं जायची, आता तीन-चार. साध्या पोचपावतीला मी हे काहीच करत नाही, तेवढा जीव कुणाला? करार, दरपत्रक आणि स्मरणपत्र यांना मात्र तिन्ही पायऱ्या: आधी तपासनीस, मग कान, मग ताई. ताईंना मी मजकूर का लिहिला हे सांगत नाही, नुसता कागद देतो. त्यांनी "म्हणजे काय?" विचारलं की ते वाक्य बदलायचं, समजावून सांगायचं नाही. हा नियम त्यांचाच.

त्यांच्याच सांगण्यावरून ऑफिसची एक शब्दयादीही केली आहे, एका पानाची. 'देयक' की 'बिल', 'करारनामा' की 'करारपत्र', पत्रात 'आपण' सुरू केलं की शेवटपर्यंत 'आपण'च, मध्ये 'तुम्ही' नाही. 'कारवाई'समोर लाल अक्षरांत लिहिलंय: फक्त थकबाकीदारांसाठी. एकच ओळ अजून कोरी आहे. मी 'ईमेल आला' म्हणतो, ताई 'ईमेल आली' म्हणतात, आणि नवीन आलेला मुलगा 'ईमेल आलं' लिहितो. गेल्या सोमवारी तिघांच्याही सह्यांचं एक पत्र बाहेर जायचं होतं. त्यात आम्ही 'आपले पत्र मिळाले' असं लिहिलं.