निपाणी-चिकोडी रस्त्यावरील जुने ट्रॅक्टर: पाहणीचा अनुभव

कर्नाटकातील निपाणी-चिकोडी रस्त्यालगतच्या एका जुन्या ट्रॅक्टरांच्या विक्रेत्याकडे महिंद्रा ५७५ पाहायला गेलो, तेव्हा ताजा रंग आणि काळेभोर टायर पाहून क्षणभर मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. मात्र आम्ही पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम करून ठेवलेले होते, आणि थंड इंजिन कसे सुरू होते हे गिऱ्हाइकाला दिसू नये, एवढाच त्यामागचा हेतू असावा. म्हणून दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, न कळवता, गावातील मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी ऑइलची पट्टी काढून बोटावर घासली. ऑइल दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी शिरलेले नव्हते, परंतु ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातील वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धापा टाकल्यासारखा धूर येत होता आणि ती रिंगा-लायनर (पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरचे अस्तर) झिजल्याची खूण होती. आमच्या भागात ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरचा क्लच आधी तपासावा; तासांच्या मीटरपेक्षा गुळगुळीत झालेले क्लच पेडल मला अधिक खरे बोलणारे वाटते. नांगर उचलून ठेवला असता लिफ्ट खाली बसली नाही, ही जमेची बाजू.

खरी अडचण कागदपत्रांची होती. ट्रॅक्टर एमएच ०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगचा. कर्नाटकात नोंदणीसाठी कोल्हापूरच्या आरटीओचा ना हरकत दाखला हवा, शिवाय आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा कायम होता. “होतंय की हो, कागदाचं काय एवढं!” असे विक्रेते म्हणाले. बोजा उतरल्याशिवाय विसार देणार नाही, असे सांगून मी परतलो.