कम्पाउंडसाठी रिलीज: मनगटाचा की अंगठ्याचा?

कम्पाउंडने, म्हणजे पुलींच्या धनुष्याने, तिरंदाजी करताना बो ट्यून झाला, पीप (दोरीतलं नेम धरायचं छिद्र) बसली, तरी ग्रुप काही जमत नाही, बाण जवळजवळ लागत नाहीत, असं झालं की बहुतेक जण बाण बदलतात. माझ्या मते आधी रिलीजकडे, म्हणजे बोटांऐवजी दोरी धरून सोडणाऱ्या उपकरणाकडे बघावं. मनगटाला बांधायचा, तर्जनीच्या ट्रिगरचा रिलीज मी दोन वर्षं वापरला. मुठीत धरायचा, अंगठ्याच्या बटणाचा वापरतोय त्यालाही आता तीन वर्षं होतील.

मनगटाचा वाईट नाही. ओढीचा भार मनगटावर जातो, बोटं शिणत नाहीत, तो घरी विसरला जात नाही आणि खिशालाही परवडतो. शिवाय व्हिडिओंमधून मिळणारे सल्ले बरेचसे अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे असतात आणि त्यांच्यात हाच लोकप्रिय आहे. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. थंडीत हातमोजे घालून तासन् तास मचाणावर बसायचं, हात मोकळे हवेत, आणि अखेर सुटणार बहुधा एकच बाण. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. आपला खेळ ५० मीटरवरच्या ८० सेंटीमीटर टार्गेटचा, आणि पात्रता फेरी ७२ बाणांची. त्यातला दहाचा गोल जेमतेम ८ सेंटीमीटरचा. २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताच्या ओजस देवतळेने १५ च्या १५ बाण दहात मारले. सातत्य म्हणजे ते. आपल्याला निदान साठावा बाण पहिल्यासारखा सुटायला हवा.

आणि नेमकं तिथेच मनगटाच्या पट्ट्याने मला छळलं. खारघरच्या मैदानावर मे महिन्यात सकाळी नऊलाच शर्ट अंगाला चिकटतो. पहिले तीन-चार एंड (बाणांच्या खेपा) छान जायचे, मग बाण हळूहळू खाली, टार्गेटच्या लाल वर्तुळात उतरायला लागायचे. साइट (बोवरची नेमाची खूण) हलवून झाली, खांद्याला दोष देऊन झाला. शेवटी एका सकाळी पट्ट्याच्या कडेलगत मनगटावर पेनाने रेघ ओढली. छत्तीस बाणांनंतर बघितलं तर पट्टा रेघेच्या पुढे, तळव्याकडे, चांगलं अर्धं पेर सरकला होता. घामाने चामडं ओलं होऊन सैल पडत होतं. पट्टा पुढे सरकला की ट्रिगरही पुढे जातो. सकाळी बोटाच्या दुसऱ्या पेरात बसणारा ट्रिगर मग टोकाला लागतो, आणि टोकाने दाबायचं म्हटलं की झटका बसतोच. हात जबड्यामागे टेकवायची जागाही बदलते. पट्टा एक भोक घट्ट केला तर बोटांना मुंग्या यायच्या. वेल्क्रोचाही वापरून बघितला. त्यात धागे आणि माती अडकली की पकड आणखी कमी.

अंगठ्याच्या रिलीजमध्ये हा प्रश्नच येत नाही. हाताला घाम येतो, रुमाल लागतोच, पण बोटं खाचांत बसली की त्याची लांबी बदलत नाही. बटणावर अंगठा पुरता गुंडाळायचा आणि कोपर मागे नेत राहायचं. बाण कधी सुटला ते कळत नाही. झटका देण्याची माझी सवय त्याने बरीच कमी झाली. एखाद्याला तर्जनीनेही हे साधेल. मला साधलं नाही.

त्याचे त्रास सांगायलाच हवेत. महाग आहे. तीन बोटांवर ओढ येते, तेव्हा पाउंडेज, म्हणजे बो ओढायला लागणारा जोर, बेताचं हवं. आणि पहिले काही दिवस धोक्याचे: ओढताना अंगठा चुकून बटणाला लागला तर मूठ थेट तोंडावर येते. फुल ड्रॉला, म्हणजे दोरी पूर्ण ओढून होईपर्यंत, अंगठा बटणापासून लांबच हवा. बो हातात घेण्याआधी मी आठवडाभर दोरीचा फास करून घरीच सराव केला. फास स्वतःच्या ड्रॉ लेंग्थएवढा, म्हणजे तुम्ही बो जितका ओढता तितका लांब ठेवा आणि कोणासमोर उभं राहू नका.

तुम्ही एसी हॉलमध्ये १८ मीटरच मारत असाल, किंवा दिवसाला वीसेक बाणच होत असतील, तर मनगटाचा खुशाल घ्या. फक्त वेल्क्रो नको, बकलचा घ्या. ५० मीटरचं मनात असेल तर मात्र मैदानातल्या एखाद्याकडून अंगठ्याचा मागून दोन सकाळी मारून बघा. तोवर आजच्या रिलीजच्या पट्ट्यालगत एक रेघ ओढा आणि छत्तिसाव्या बाणानंतर मनगट तपासा.