सँडविचचं दुकान चालतंय. फ्रँचायझी द्यायची की नाही?

दुकानासमोर रांग दिसायला लागली की वर्षभरात कोणीतरी विचारतंच, "फ्रँचायझी देता का?" विचारणारा कधी रोजचं गिऱ्हाईक असतं, कधी नात्यातलं कोणी, ज्याचा गाळा रिकामा पडून आहे. डिपॉझिट द्यायची त्याची तयारी असते. मालकाला वाटतं, नाव माझं, पैसा त्याचा, मग अडचण काय? हा आढावा अशाच मालकासाठी आहे. टोस्ट सँडविचचं किंवा पिझ्झाचं एक दुकान छान चाललंय, पुढच्या दुकानाचा विचार आहे आणि चव घालवायची नाही.

फ्रँचायझी दिली की चव बिघडते, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. अमेरिकेत पिझ्झा आणि सँडविचच्या साखळ्यांना फ्रँचायझीचा पन्नास-साठ वर्षांचा अनुभव आहे आणि तिथे दोन्ही तऱ्हा सापडतात, बिघडलेल्याही आणि टिकलेल्याही. त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की दोनच गोष्टी निर्णायक दिसतात. मूळ मालकाचं उत्पन्न नेमकं कशावर आहे, आणि पदार्थातलं कुठलं काम काउंटरवरून उचलून दुसरीकडे नेलं आहे. बाकी रंग, पाटी, गणवेश यांनी फार फरक पडत नाही.

आधी हिशोब मांडू, कारण चवीची गळती तिथूनच सुरू होते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घालून बघा. समजा फ्रँचायझी दुकानाची महिन्याची विक्री ४ लाख. कच्चा माल ३५ टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार. भाडं ७० हजार, पगार ८० हजार, वीज-गॅस-पॅकिंग वगैरे ५० हजार. उरले ६० हजार. आता त्यातून विक्रीच्या ८ टक्के रॉयल्टी (नाव वापरल्याबद्दल मूळ मालकाला द्यायचा वाटा) आणि विक्रीच्याच साडेचार टक्के जाहिरात निधी काढा. हे टक्के मी मनाने घेतलेले नाहीत, सबवेचे अमेरिकेतले दर अनेक वर्षं हेच राहिले. दोन्ही मिळून ५० हजार झाले. दिवसभर दुकानात उभा राहणाऱ्या माणसाच्या हातात राहिले १० हजार.

आता विक्री दहा टक्क्यांनी घसरली असं धरा. कच्चा माल त्या प्रमाणात कमी लागेल, पण भाडं, पगार, वीज तसंच राहील. दुकानदार ११ हजारांच्या तोट्यात जातो. मूळ मालकाची रॉयल्टी मात्र ३२ हजारांवरून २८ हजार ८०० होते, एवढंच. एकाला महिना जड जातो, दुसऱ्याला जेमतेम जाणवतं. आणि मोह कुठे आहे तेही बघा. ४ लाखांच्याच विक्रीवर कच्चा माल ३५ टक्क्यांवरून ३२ वर आणला की १२ हजार वाचतात, म्हणजे दुकानदाराची कमाई १० हजारांवरून थेट २२ हजारांवर. तीन टक्के म्हणजे काय? बटरचा एक हात कमी, बटाट्याचे काप जरा पातळ, चीज जरा स्वस्त. यात दुकानदार लबाडच असावा लागतो असं नाही. तुम्ही त्याला दिलेल्या हिशोबात दुसरी पळवाटच ठेवलेली नसते.

सबवे आणि जर्सी माइक्स

दोन्हींची सुरुवात जवळजवळ सारखी आहे. १९६५ मध्ये कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला १७ वर्षांच्या फ्रेड डिलुकाने पीटर बक यांच्याकडून हजार डॉलर घेऊन सँडविचचं दुकान काढलं, ते पुढे सबवे झालं. न्यू जर्सीत पॉइंट प्लेझंटला १९५६ पासून माइक्स सब्स नावाचं दुकान होतं. तिथे काम करणाऱ्या पीटर कॅन्क्रोने १९७५ मध्ये, तोही १७ वर्षांचाच, आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या मदतीने कर्ज उभं करून ते विकत घेतलं.

फरक पडला तो वेगात. सबवेने १९७४ मध्ये फ्रँचायझी द्यायला सुरुवात केली आणि मग थांबायचं नावच घेतलं नाही. २०१५ च्या सुमाराला एकट्या अमेरिकेत २७ हजारांच्या आसपास दुकानं झाली, जवळपास सगळी फ्रँचायझीची. नवीन दुकानदार शोधणारे विभागीय एजंट रॉयल्टीत वाटेकरी होते, त्यामुळे जुन्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर नवीन दुकान निघालं तरी वरच्या सगळ्यांचा फायदाच होता. गिऱ्हाईक वाटलं गेलं, दर दुकानाची विक्री खाली राहिली. त्यात २००८ मध्ये पाच डॉलरच्या फूटलाँगची, म्हणजे फूटभर लांब सँडविचची, योजना देशभर आली. गंमत म्हणजे ती कल्पना मायामीतल्या एका फ्रँचायझीधारकाचीच होती आणि त्याच्या दुकानात ती उत्तम चालली होती. पुढे तशाच ४.९९ डॉलरच्या योजनेला मात्र शेकडो दुकानदारांनी विरोध केला. विक्री वाढली की वरचा टक्का वाढतो, पण खालचा माणूस त्या दरात भागवणार कसं? आज अमेरिकेतली सबवेची दुकानं २० हजारांच्या आत आली आहेत.

पदार्थाचं काय झालं? सबवेचा पाव दुकानातच भाजला जातो, पण गोठवलेल्या कणकेपासून. २०२० मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने कराच्या एका वादात सांगितलं की या पावात मैद्याच्या वजनाच्या दहा टक्के साखर आहे, कायद्यातली मर्यादा दोन टक्के, म्हणून करसवलतीपुरता हा पाव धरता येत नाही. मांसाचे काप बाहेरून कापूनच यायचे. २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या दुकानांत स्लायसर बसवले आणि दुकानात कापलेलं मांस म्हणून मोठी जाहिरात केली. काउंटरवरून उचललेलं काम पैसे खर्चून परत आणावं लागलं, ही मला या सगळ्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते.

जर्सी माइक्सने ते काम काउंटरवरून कधी हलवलंच नाही. तुम्ही ऑर्डर दिली की तुमच्या डोळ्यांसमोर मांस आणि चीज कापलं जातं, मग कांदा, लेट्यूस, टोमॅटो, रेड वाइन व्हिनेगर, तेल, ओरेगॅनो. फ्रँचायझी तीही देतात, १९८७ पासून. रॉयल्टी तीही विक्रीवरच घेतात, साडेसहा टक्के, वर जाहिरातीचा निधी. टक्क्यांत फार मोठं अंतर नाही. पण त्यांच्या एका दुकानाची सरासरी विक्री सबवेच्या दुकानाच्या दुपटीहून जास्त असते. दुकानं कमी, दर चढा. एवढी विक्री असली की तेवढाच टक्का दुकानदाराचा गळा आवळत नाही आणि मांस पातळ कापण्याची पाळी येत नाही. आता कसोटी पुढे आहे: २०२४ च्या अखेरीस ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने सुमारे ८ अब्ज डॉलर मूल्य धरून त्यात बहुतांश हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. एवढी किंमत वसूल करायची तर दुकानं भराभर वाढवण्याचा दबाव येणारच.

क्विझनोज आणि डॉमिनोज

ही तुलना मालकाने नीट वाचावी, कारण आपल्याकडे फ्रँचायझी देणारे बरेचसे कमावतात ते इथूनच: रॉयल्टी नाममात्र, माल मात्र आमच्याकडूनच घ्यायचा.

क्विझनोजची सुरुवात १९८१ मध्ये डेन्व्हरला झाली. भाजलेलं सँडविच ही त्यांची खासियत, आणि चव चांगली होती. २००७ च्या सुमाराला दुकानं पाच हजारांच्या घरात गेली. दुकानदाराने माल कंपनीशी संलग्न पुरवठादाराकडूनच घ्यायचा असा करार होता. मालाचा भाव आम्हाला बाजारापेक्षा जड पडतो, म्हणून दुकानदार कोर्टात गेले. २००९ मध्ये कंपनीने दहा लाख सँडविच फुकट वाटायची घोषणा केली तेव्हा कित्येकांनी ती कूपनं घेतलीच नाहीत, कारण खर्चाची भरपाई पुरेशी नव्हती. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायची वेळ आली. २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, आणि आज त्या पाच हजारांतली फारच थोडी दुकानं उरली आहेत.

डॉमिनोजही माल स्वतःच पुरवतं. पिठाचे गोळे त्यांच्या केंद्रांत बनतात आणि गाडीने दुकानांत येतात. पण अमेरिकेत या पुरवठ्यातल्या नफ्याचा साधारण निम्मा भाग ते फ्रँचायझीधारकांनाच वाटून देतात. त्यामुळे केंद्रातला भाव चढला तरी दुकानदाराला फसवल्यासारखं वाटत नाही आणि बाहेरून हलकं चीज आणायचं कारण उरत नाही. दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. तिथले ९० टक्क्यांहून जास्त फ्रँचायझीधारक आधी डॉमिनोजमध्येच डिलिव्हरी करणारे किंवा दुकानात काम करणारे होते. पीठ हाताला कसं लागायला हवं हे त्यांना माहीत असतं.

याचा अर्थ डॉमिनोजची चव कायम चांगली होती असा नाही. २००९ च्या अखेरीस त्यांनी स्वतःच जाहिरातीत गिऱ्हाइकांची "पुठ्ठ्यासारखं लागतं" ही तक्रार दाखवली आणि क्रस्ट, सॉस, चीज तिन्ही बदललं. पण एकदा ठरल्यावर हजारो दुकानांत ते बदलता आलं. दुकानदार आणि कंपनी भांडत असते, तर ते झालं नसतं.

आणि फ्रँचायझी न देणारे

कनेटिकटमधल्या न्यू हेवनला, वूस्टर स्ट्रीटवर, १९२५ पासून फ्रँक पेपीचा पिझ्झा आहे. कोळशाची भट्टी, कडा जरा करपलेल्या, आणि शिंपल्यांच्या मांसाचा पांढरा पिझ्झा. दुसरं दुकान काढायला त्यांना ८१ वर्षं लागली. २००६ मध्ये शेजारच्या फेअरफिल्डला ते निघालं. आज डझनाहून जास्त शाखा आहेत, पण सगळ्या कंपनीच्या स्वतःच्या, आणि नव्या जागी तशीच कोळशाची भट्टी बांधतात. जुनी गिऱ्हाइकं तरी म्हणतात की मूळ दुकानातली मजा वेगळी, आणि त्यात तथ्य असणार. पण पदार्थ तोच आहे हे कोणी नाकारत नाही. किंमत अर्थात वेग. स्वतःचं भांडवल किंवा भागीदार लागतात, आणि एक शाखा बुडाली तर तोटा तुमचाच.

आपल्याकडे आणि तुमच्या दुकानात

भारतात डॉमिनोज म्हणजे ज्युबिलंट फूडवर्क्स. १९९६ मध्ये दिल्लीला पहिलं दुकान निघालं, आणि देशातली सगळी दुकानं ही एकच कंपनी स्वतः चालवते, पुढे कोणाला उप-फ्रँचायझी देत नाही. म्हणजे ती कागदावर फ्रँचायझी, कारभारात मात्र स्वतःच्या शाखा. छोट्या मालकासाठी याच्या जवळची वाट म्हणजे धंद्यात ज्याला फोको म्हणतात ती: गाळा आणि पैसा समोरच्याचा, माणसं आणि कारभार तुमचा. फोफोमध्ये दोन्ही त्याचं, तुमची फक्त पाटी. चव सांभाळायची असेल तर फोफो सगळ्यात शेवटी. काउंटरवर स्वतः उभा न राहणारा, "मी फक्त इन्व्हेस्ट करतो" म्हणणारा माणूस आला तर त्याला फोफो देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता काम कुठलं हलवायचं ते बघू. पिझ्झाला केंद्रीय किचन मानवतं. पिठाचा गोळा थंडाव्यात हळूहळू फुगतो आणि एक-दोन दिवसांत त्याला उलट चव चढते. मुंबईच्या टोस्ट सँडविचला ते मानवत नाही. त्याचा जीव हिरव्या चटणीत. कोथिंबीर, पुदिना, मिरची, जिरं, लिंबू, घट्टपणासाठी थोडं डाळं, आणि बर्फाच्या पाण्यात वाटलेली. सकाळची चटणी संध्याकाळपर्यंत चमकते, दुसऱ्या दिवशी काळपट पडते आणि कडवटपणा येतो. ती चार दिवस टिकवायची तर सायट्रिक अॅसिड घालावं लागतं, मग लिंबाची चव जाऊन नुसता आंबटपणा राहतो. बीट, काकडी, टोमॅटो आधी कापून डब्यात पाठवले तर पाणी सुटतं, पाव ओला होतो, आणि चिमट्यात कितीही दाबला तरी कुरकुरीत होत नाही. म्हणून सुका मसाला खुशाल केंद्रातून पाठवा. चटणी रोज सकाळी, एकाच शहराच्या हद्दीत. भाजी कापायची ती काउंटरवरच, गिऱ्हाइकासमोर.

माझा सल्ला विचाराल तर पहिली शाखा स्वतःची काढा, त्याच शहरात, आणि चालवायला तुमच्याकडे बरीच वर्षं हात चाललेला माणूस द्या, नफ्यात भाग देऊन. ती वर्षभर नीट चालली की पुढची फ्रँचायझी द्यायची झाल्यास तीही अशाच माणसाला. रॉयल्टी ५-६ टक्क्यांच्या वर नेऊ नका, आणि ती ऑनलाइन ऑर्डरच्या छापील किमतीवर न घेता कमिशन वजा जाऊन हातात पडलेल्या रकमेवर घ्या. तुम्ही पुरवाल त्या मालावर खर्चापुरतं घ्या, नफा राहिलाच तर वाटून टाका. जवळपास दुसरं दुकान देणार नाही, ते किती किलोमीटरपर्यंत, हे करारात लिहा.

कराराबद्दल आणखी एक. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे समोरच्याला काय सांगायचं ते तुमच्यावरच आहे. अमेरिकेत १९७९ पासूनच्या नियमानुसार सह्या व्हायच्या किमान १४ दिवस आधी २३ कलमांचं माहितीपत्र द्यावं लागतं. विस्कॉन्सिन, कॅलिफोर्निया या राज्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर ही पत्रं फुकट वाचता येतात. सबवेचं आणि जर्सी माइक्सचं उघडा आणि तीन कलमं वाचा: आठवं, माल कोणाकडून घ्यायचं बंधन आहे ते, एकोणिसावं, दुकानं किती कमावतात याबद्दल कंपनी काय सांगते ते, आणि विसावं, किती उघडली आणि किती बंद झाली ते. मग ही तीन कलमं तुमच्या दुकानाची मराठीत लिहून काढा, आणि फ्रँचायझी मागायला आलेल्या माणसाच्या हातात डिपॉझिट घेण्याच्या १४ दिवस आधी द्या.