ह्वांगछिनची मुळी: काप उत्तम, दाव्याला पुरावा तोकडा

सिंगापूरच्या चायनाटाउनमधील एका जुन्या औषधी दुकानातून ह्वांगछिन या चिनी औषधी वनस्पतीच्या मुळीचे शंभर ग्रॅम वाळवलेले काप मी दोन महिन्यांपूर्वी घेतले. कारण साधे होते: उजवा गुडघा संध्याकाळी सुजतो, आणि ही मुळी दाहशामक आहे असे अनेकांकडून ऐकले होते. गल्ल्यामागच्या वैद्यबाईंनी वजन करण्याआधी माझी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि पोट वारंवार बिघडते का, असे विचारले. चिनी वैद्यकात ही मुळी कडू आणि शीत मानली जात असल्याने अशक्त पचनाच्या माणसाला ती देत नाहीत. रोज नऊ ग्रॅमच्या वर जाऊ नका, असेही त्यांनी बजावले, आणि चिनी औषधकोशातील तीन ते दहा ग्रॅम या मात्रेशी ते जुळते.

मालाविषयी तक्रार नाही. ह्वांगछिन ही तुळशीच्याच कुळातील वनस्पती असून औषधात तिची मुळी वापरतात. चांगला काप हळदीसारखा पिवळा, कोरडा आणि तोडताना कटकन मोडणारा असतो. हिरवट झाक दिसली तर माल परत करावा. मुळी कापण्याआधी वाफवून किंवा उकळून तिच्यातील विकर निष्प्रभ करावे लागते. ते राहिले आणि मुळी ओली झाली, तर मुळीतील बैकालिन (baicalin) या रसायनाचे विघटन होऊन बैकालीन (baicalein) हे वेगळे रसायन तयार होते आणि हवेशी संयोग पावून ते हिरवे पडते. याच परिसरातील दुसऱ्या एका दुकानातून स्वस्त म्हणून घेतलेल्या पुडीत निम्मे काप असे शेवाळी निघाले. पहिल्या दुकानाच्या पुडीत एकही नव्हता.

काढा मात्र जिभेची परीक्षा पाहतो. अर्धा तास मंद आचेवर उकळल्यावर पाणी गर्द पिवळे होते, आणि काडेचिराईत प्यायलेल्या माणसालाही पहिल्या घोटाला तोंड वाकडे करावे लागते. गुळाचा खडा मदत करत नाही, हे मी करून पाहिले आहे.

आता दाव्याकडे वळतो. दुकानात ऐकवली जाणारी गोष्ट ली शीचेन यांची आहे: सोळाव्या शतकातील हे वैद्य विसाव्या वर्षी खोकला आणि तापाने खंगले होते, आणि केवळ या मुळीच्या काढ्याने बरे झाले. गोष्ट त्यांनी स्वतःच नोंदवली आहे, पण ती तापाची आहे, सांध्यांची नव्हे. परंपरेने ही मुळी ताप, खोकला, अतिसार, कावीळ यांसाठी वापरली. सांध्यांच्या सुजेची जाहिरात नंतरची, प्रयोगशाळेतून आलेली. बैकालीन दाहाला चालना देणारे काही विकर आणि संदेशमार्ग रोखते, हे पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. मात्र काढ्यातील बैकालिन आतड्यात जसेच्या तसे फारसे शोषले जात नाही. तिथले जिवाणू त्याचे आधी बैकालीन करतात, ते शोषले जाते आणि शरीरात पुन्हा बैकालिन बनते. काचनळीतील परिणाम पेल्यात तेवढ्याच जोराने उतरेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

अमेरिकेतील लिंब्रेल या उत्पादनाचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. ह्वांगछिन आणि आपल्या कोकणात ज्यापासून कात काढतात त्या खैराचा अर्क एकत्र करून ते संधिवातासाठी विकले जाई. यकृताला इजा आणि फुफ्फुसांना सूज आल्याच्या नोंदी वाढल्यावर २०१८ च्या जानेवारीत ते बाजारातून परत घेतले गेले. काढ्याची मात्रा आणि अर्काची कॅप्सूल एक नव्हे, हे मान्य; तरीही दाहशामक म्हणून घेतलेल्या वस्तूने फुफ्फुसातच दाह उठवावा, ही गोष्ट पुडीवर छापण्याइतकी महत्त्वाची आहे, आणि ती माझ्या एकाही पुडीवर नव्हती.

माझ्या गुडघ्यात फरक पडला का? सहा आठवड्यांत सूज थोडी उतरली, पण त्याच काळात मी जिने चढणेही बंद केले होते, तेव्हा श्रेय मुळीला देता येत नाही. माल आणि वागणूक यांसाठी पहिल्या दुकानाला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण कापतो तो एवढ्यासाठी की जीभ इतक्या बारकाईने पाहणाऱ्या वैद्यबाईंनी मी आणखी कोणत्या गोळ्या घेतो, हे विचारलेच नाही. मी कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन घेतो, आणि बैकालिनमुळे त्या औषधाचे रक्तातील प्रमाण घटू शकते, हे मला पुढे माझ्या डॉक्टरांकडून कळले.