व्हीलचेअरवरून पाहिलेली रविवारची उपासना

नोव्हेंबरचा दुसरा रविवार भारतातील अनेक चर्चमध्ये दलित मुक्ती रविवार म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या उपासनेसाठी मी माझ्या 81 वर्षांच्या आत्याला घेऊन नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. तेथील दगडी चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला आहे. मात्र मांडीचे हाड मोडल्यापासून ती व्हीलचेअरवर आहे आणि गेली चार वर्षे तिने चर्चची पायरी पाहिलेली नव्हती. ‘आता सर्वांना आत येता येईल’ असा निरोप तेथील मंडळीकडून, म्हणजे चर्चच्या सभासदांकडून, आल्यामुळे आम्ही निघालो. उणिवाही सांगायच्या असल्याने मंडळीचे नाव देत नाही.

प्रथम उताराविषयी. चर्चचे जोते जमिनीपासून साधारण दोन फूट उंच आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार, हे प्रमाण सुगम्यतेच्या नियमांत मान्य झालेले आहे. म्हणजे येथे चोवीस फूट लांबी हवी होती. बांधलेला उतार जेमतेम दहा फुटांचा आहे. फरशीही गुळगुळीत बसवली आहे. मला एकट्याला खुर्ची वर नेता आली नाही, तरुण संघातील दोन मुलांनी हात लावला तेव्हा आम्ही पोचलो. त्यातही हा उतार मुख्य दाराशी न जाता बाजूच्या दाराशी जातो आणि त्या दाराला कुलूप होते. किल्ली असलेला सेवक घंटा वाजवायला गेला होता, तो परत येईपर्यंत आम्ही उन्हात थांबलो.

आत गेल्यावर मात्र जे दिसले, त्यासाठी मी मंडळीला मनापासून दाद देईन. डावीकडचा तिसरा बाक एका टोकाला सुमारे तीन फूट कापून घेतलेला आहे. कापलेल्या कडेला नवे पॉलिश आहे, त्यामुळे ती जुन्या सागवानात उठून दिसते. व्हीलचेअर त्या मोकळ्या जागेत बसते आणि माणूस रांगेतच राहतो. वाटेत अडथळा होत नाही, मागच्या भिंतीशी एकटाही पडत नाही. आत्याच्या शेजारी तिची शाळेतली मैत्रीण येऊन बसली, दोघींनी एकाच पुस्तकात पाहून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे पद म्हटले. ही कल्पना ज्या कोणाला सुचली, त्यानेच उतारही बांधून घ्यायला हवा होता.

ऐकू न येणाऱ्या दोन सभासदांसाठी एक तरुणी व्यासपीठाजवळ उभी राहून सांकेतिक भाषेत सांगत होती. तिची तयारी चांगली होती. पण तिला पूर्वेच्या खिडकीसमोर उभे केले होते आणि सकाळचे ऊन तिच्या पाठीमागून येत असल्यामुळे हात केवळ काळ्या सावल्यांसारखे दिसत होते. चार पावले बाजूला सरकली असती तरी काम भागले असते.

पाळकसाहेबांचा उपदेश अभ्यासपूर्ण होता. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, दलित ख्रिस्ती मात्र आजही बाहेर आहेत, हा इतिहास त्यांनी नेमका मांडला. माझी तक्रार एवढीच, की उपदेशातला सगळा अन्याय चर्चच्या कुंपणाबाहेरच राहिला. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला 1831 मध्ये सुरू झाले आणि जिल्ह्यातील मंडळ्या पुढे मुख्यत्वे महार व मांग समाजांतून उभ्या राहिल्या. दोन्ही समाज एका छताखाली आले खरे, पण लग्न जुळवताना ‘ते कोणाकडचे’ हा प्रश्न आमच्या घरांत अजून विचारला जातो. त्याविषयी त्या दिवशी एक वाक्य आले असते तर बरे झाले असते. दाराशी लावलेल्या, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या यादीवर तीनच आडनावे आलटून पालटून दिसली, व्हीलचेअरवरचे किंवा कर्णबधिर असे त्यात कोणीही नव्हते.

प्रभुभोजनाच्या वेळी सर्वजण रांगेने पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात. आत्याला जागेवरच भाकर आणि प्याला मिळाला, पण सगळी मंडळी परतल्यानंतर, अगदी शेवटी. पाळकसाहेबांनी तिच्यासमोर वाकून, नाव घेऊन प्रार्थना केली, यात आपुलकी होती हे मी नाकारत नाही. तरीही आत्या हळूच म्हणाली, “रांगेत उभं राहता येत नाही, म्हणून रांगेच्या शेवटी होय रे?” पाळकांनी आधी खाली येऊन मग कठड्याकडे वळायला किती वेळ लागला असता?

मागच्या बाकांवर ऊसतोडीसाठी आलेले एक कुटुंब बसले होते. त्यांच्या हातात गीतांचे पुस्तक देण्याचे कोणाला सुचले नाही. पहिले पद संपल्यावर एका वृद्ध बाईंनी आपले दिले. शास्त्रवाचन इतक्या जड, पुस्तकी मराठीत झाले, की त्यातले अर्धे मलाही पुन्हा वाचावे लागले. कमी शिकलेल्या बायकांना समजावे म्हणून पुणे जिल्ह्यातील केडगावला पंडिता रमाबाई 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरावर खपल्या; तेच केडगाव येथून फार लांब नाही. चहाच्या वेळी मात्र हे कुटुंब सर्वांबरोबर बसले आणि त्यांच्या मुलांना शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गात, पाठवण्याचे दोघी शिक्षिकांनी आग्रहाने सांगितले.

पाचपैकी तीन गुण मी देईन, त्यातला दीड केवळ त्या कापलेल्या बाकासाठी. उपासना साडेनऊला सुरू होते. व्हीलचेअर असेल तर नऊलाच पोचावे, सेवकाला आदल्या दिवशी फोन करून बाजूचे दार उघडून ठेवायला सांगावे आणि ढकलायला दोन माणसे सोबत असावीत. स्वच्छतागृह आवाराच्या मागच्या बाजूला आहे. तेथे तीन पायऱ्या आहेत आणि उतार नाही. आत्याला ते आधीपासून ठाऊक होते. सकाळपासून आपण पाण्याचा घोटही घेतलेला नाही, हे तिने मला परतीच्या वाटेवर गाडीत सांगितले.