आप्पांच्या दाढीचं मशीन: चार वर्षं वापरल्यावर

आमचे आप्पा एसटीत चालक होते. अमळनेर आगारातून पहाटेची गाडी असली तरी दाढी केल्याशिवाय ड्युटीवर गेले नाहीत. पितळी वाटीत गरम पाणी, साबणाची वडी, खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा आणि ब्लेड, असा ३४ वर्षांचा शिरस्ता. २०२१ मध्ये त्यांच्या हृदयाची झडप बदलली, कृत्रिम बसवली आणि वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध कायमचं सुरू झालं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की आता ब्लेड बंद, दाढी मशीननेच करायची. आप्पांनी ऐकलं नाही. आठवड्याभरात हनुवटीखाली तांदळाएवढं कापलं आणि रक्त थांबायला पाऊण तास लागला. माझ्या हातातला पांढरा पंचा लाल झालेला मला अजून दिसतो.

त्याच रविवारी जळगावला जाऊन मी मशीन आणलं. तीन गोल हेडचं, धुता येणारं, ३,४०० रुपयांना. आप्पांचा उजवा हात आता थरथरतो, त्यामुळे एक दिवसाआड सकाळी शाळेत जायच्या आधी त्यांची दाढी मीच करते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते गोल हेडच्या बहुतेक मशीनना लागू आहे.

आधी दोन जातींबद्दल थोडं. एक जाळीचं मशीन. त्यात पातळ धातूची छिद्रांची जाळी असते आणि तिच्याखाली पाती डावी-उजवी सरकतात. ब्राउन आणि पॅनासॉनिकची बहुतेक मशीनं अशी. दुसरं गोल हेडचं. त्यात खाचा असलेल्या गोल टोपीच्या आत पातं गरागरा फिरतं. ही पद्धत फिलिप्सने १९३९ मध्ये आणली, तेव्हा हेड एकच होतं. आप्पांच्या गळ्याची कातडी सैल झालीय आणि केस चारी दिशांना वाढतात. तिथे गोल हेड चांगलं चालतं. एका हाताने कातडी ताणायची, दुसऱ्या हाताने मशीन न दाबता गोल गोल फिरवायचं. चार वर्षांत एकदाही रक्त आलेलं नाही. मशीनला पैकीच्या पैकी मार्क मी इथेच देते.

पहिलं वर्ष छान गेलं. मग एके दिवशी आप्पा म्हणाले, "माय, हाई मशीन चटका देस." मी हात लावून पाहिलं तर हेड खरंच गरम. केस कापण्याऐवजी ओढले जात होते, आणि चार्जिंग आधी तीन आठवडे पुरायचं ते दहा दिवसांत संपायला लागलं. मला वाटलं, पाती गेली. नवीन हेड घ्यायला म्हणून गोलाणी मार्केटमध्ये गेले. तिथे मिक्सर, ट्रिमर, शेव्हर दुरुस्त करणारा एक माणूस बसतो, काउंटर जेमतेम चार फुटांचं. मी नवीन हेडचा संच मागितला. त्याने विकायची घाई केली नाही. मशीन हातात घेतलं, वरचा भाग उघडला, आतली पकड फिरवून एक हेड काढलं आणि पांढऱ्या कागदावर आपटलं. भिजलेल्या राखेसारखा राखाडी गाळाचा गोळा पडला.

"मॅडम, पाती चांगली आहेत. घाण बसलीय."

मी रोज मशीन नळाखाली धरत होते, पण वरूनच. बारीक केस, चेहऱ्याचा तेलकटपणा आणि मेलेली कातडी यांचं मिश्रण टोपी आणि पात्याच्या मध्ये जाऊन बसतं. वरून धुतल्याने ते निघत नाही, उलट ओलं होऊन घट्ट होतं. मग पातं त्या चिखलातून फिरतं, घासून गरम होतं, मोटरला जोर लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. आप्पांना बसणारा चटका आणि लवकर संपणारं चार्जिंग, दोन्हींचं कारण एकच. त्या माणसाने १,६०० रुपयांचा संच न विकता ५० रुपये घेतले आणि माझ्याकडून दोनदा हेड उघडून बसवून घेतलं. जळगावला गेले की आता घरातल्या दुरुस्तीच्या सगळ्या वस्तू मी त्याच्याकडेच नेते.

पण पुढची चूक मी स्वतः केली. उत्साहाच्या भरात घरी तिन्ही हेड एकदम सुटी केली, सहाही भाग साबणाच्या पाण्यात एकाच वाटीत टाकले, ब्रशने घासले आणि हाताला लागतील तसे बसवले. मशीन लखलखत होतं आणि दाढी पहिल्यापेक्षा वाईट. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त मान मागे घेत राहिले. मग पुस्तिका नीट वाचली. प्रत्येक पातं आणि त्याची टोपी ही जोडी असते. दोन्ही एकमेकांवर घासून एकमेकांच्या मापाची झालेली असतात. जोडी फुटली की ती पुन्हा जुळून नीट कापायला काही आठवडे लागू शकतात. आमच्याकडे पाच आठवडे लागले. तेव्हापासून मी तीन वाट्या घेते. एक हेड उघडायचं, त्याचं पातं आणि टोपी एका वाटीत, धुऊन झालं की जागेवर बसवायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

रोजचं काम मात्र दोन मिनिटांचं आहे. मशीन बंद, वायर काढलेली. वरचा भाग उघडून आतून बाहेरून कोमट पाण्याखाली धरायचा, पाणी झटकायचं आणि उघडंच ठेवायचं वाळायला. बेसिनच्या कडेवर आपटायचं नाही आणि टॉवेलने हेड पुसायचं नाही, त्याने टोपीच्या बारीक खाचांना धक्का लागतो. ओलं मशीन झाकण लावून डबीत ठेवलं तर दुसऱ्या दिवशी कोंदट वास येतो, पावसाळ्यात तर नक्कीच. उघडं करून नीट धुणं मी महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी करते.

आमच्याकडे पाण्याचा एक वेगळाच प्रश्न आहे. वापरायला बोअरचं पाणी, आणि ते इतकं जड की स्टीलच्या बादलीला आतून पांढरा थर चढतो. हेडवरही तसेच पांढरे ठिपके वाळतात आणि खाचा बुजायला लागतात. म्हणून शेवटचं खंगाळणं मी फिल्टरच्या पाण्याने करते. तरीही थर आलाच तर सुटी केलेली टोपी आणि पातं पांढरा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुते. क्षाराचा थर आंबटाने सुटतो, घासावं लागत नाही.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मे महिन्यात खान्देशात पारा ४५ च्या आसपास जातो आणि आमची मागची खोली पत्र्याची आहे. अशा मशीनच्या पुस्तिकांमध्ये चार्जिंगसाठी साधारण ५ ते ३५ अंश तापमान सुचवलेलं असतं. उन्हाळ्यात मी पहाटे चार्जिंगला लावते, सात वाजले की काढते. भर दुपारी पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ते कधीही ठेवत नाही. लिथियमच्या बॅटरीला उष्णता फार नडते. माझं मशीन चार उन्हाळे काढूनही एका चार्जिंगवर अजून सतरा-अठरा दिवस चालतंय, ते यामुळेच असं माझं ठाम मत आहे.

धुळ्याला माझा भाऊ जाळीचं मशीन वापरतो. त्याला तेल लागतं, कारण साबणाने धुतलं की पात्यांवरचं तेल निघून जातं. शिलाई मशीनचं हलकं तेल एक थेंब जाळीवर टाकून मशीन थोडा वेळ चालू ठेवायचं, एवढंच. त्याने घरात होतं म्हणून खोबरेल तेल टाकलं. धुळ्याची जानेवारीतली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी तेल थिजलेलं, मशीन घरघर करून थांबलेलं. गरम पाण्याने धुऊन वाचलं. आणि जाळीला आतून किंवा बाहेरून ब्रश लावू नका. ती फार नाजूक असते आणि फाटकी जाळी गालावर फिरवणं म्हणजे ब्लेडपेक्षा धोक्याचं, रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याला तर फारच.

तक्रारीही आहेत. पुस्तिकेत मराठी नाही, आणि जोडीची गोष्ट इतक्या बारीक अक्षरात आहे की चष्मा लावूनही दोनदा वाचावी लागली. चार्जरची पिन वेगळीच आहे, फोनचा चार्जर चालत नाही. सगळ्यात खुपणारी गोष्ट म्हणजे हेडच्या संचाची किंमत, जवळजवळ अर्धं मशीन. पण हा खर्च कुठल्याही मशीनला टळत नाही. ब्राउन जाळी-पात्यांचा संच दर १८ महिन्यांनी बदलायला सांगतं. पॅनासॉनिक बाहेरची जाळी वर्षाने आणि आतली पाती दोन वर्षांनी. आमचं मशीन एक दिवसाआड आणि एकाच माणसासाठी चालतं, त्यामुळे हेड अडीच वर्षं पुरली. बदलल्याची तारीख मी बुडाला चिकटपट्टीवर लिहून ठेवलीय.

दाढी तीन दिवसांपेक्षा जास्त वाढली असेल तर आधी ट्रिमर फिरवा. लांब केस खाचेत शिरत नाहीत, ओढले जातात. मी सुट्टीत आठ दिवस घरी नसले की आल्यावर पहिलं काम हेच असतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मशीन घेणार असाल तर दुकानात ते चालू करून बघण्याआधी उघडून बघा. हेड हाताने, स्क्रूड्रायव्हरशिवाय सुटतात का? नळाखाली धरता येतं अशी खूण मशीनवर आहे का? आणि दुकानदाराला त्याच मॉडेलच्या हेडचा संच काढून दाखवायला सांगा. "मागवून देऊ" म्हणाला, तर दुसरं मॉडेल बघा.